नवा पेंट आणि नवरदेवाची गाडी: किती थांबायचं?

अंबडच्या एका दादांनी विचारलंय. बॉनेट आणि डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे त्यांनी गावातल्याच एका शेडमध्ये पेंट करून घेतलेत. मेटॅलिक ग्रे बेसकोट, म्हणजे रंगाचा थर, आणि वरून टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारलेला पारदर्शक थर. क्लिअरचा शेवटचा हात शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला पडला. पेंट मारायची बंद खोली, म्हणजे बूथ नाही, भट्टी नाही, पेंट हवेवरच वाळतोय. सोमवारी परभणीला भाच्याचं लग्न आहे आणि हीच गाडी नवरदेवासाठी सजवायची आहे. पेंटर म्हणतो, "उद्या सकाळी घेऊन जा." सासरे म्हणतात, "आठ दिवस हलवू नका." दिवस डिसेंबरचे.

दादा, चालवण्यापुरतं तुमच्या पेंटरचं जवळपास बरोबर आहे आणि सजवण्यापुरती सासऱ्यांची भीती खरी आहे. शनिवारी सकाळी गाडी हलवू नका, दुपारचं ऊन खाऊ द्या. संध्याकाळी घरी आणा, रविवारी गावात फिरवा, सोमवारी खुशाल परभणीला न्या. बॉनेटला आणि त्या दोन दरवाजांना मात्र टेप, हार, दोरी, रिबन काहीही लागू देऊ नका. असं का, ते सविस्तर सांगतो. कारण नुसते तास सांगितले की माणूस घड्याळ बघतो, गाडी बघत नाही.

जालन्यात पंचवीस वर्षांहून जास्त मी गाड्यांना पेंट मारायचंच काम करतोय. "मिस्त्री, गाडी कधी चालवू?" हे रोज ऐकतो. चालवल्यानं पेंटचं फारसं काही बिघडत नाही. एकदा वर धूळ चिकटायची बंद झाली की ताशी साठच्या वाऱ्यानं पेंट उडून जात नाही की लाटा पडत नाहीत. पेंट बिघडतो तो त्याला काहीतरी टेकल्यानं, चिकटल्यानं, त्यावर साचल्यानं. म्हणून मी गिऱ्हाइकाला उलटं विचारतो: गाडी कुठं लावणार, कोण धुणार, वर काय ठेवणार?

आता वाळणं म्हणजे काय ते बघा. आपल्याकडं एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. कुरडई उन्हात वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी उडून जातं, बाकी काही होत नाही. पुन्हा पाण्यात टाका, पुन्हा मऊ. जुना एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा पेंट असाच होता. थिनर उडालं की पेंट वाळला, आणि वर्षभरानं थिनरचा फडका फिरवला तरी रंग फडक्यावर यायचा. तुमच्या गाडीवरचा बेसकोटही थिनर उडूनच वाळतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत तो मॅट दिसायला लागतो. पण त्यावरचं टू-के क्लिअर म्हणजे स्लॅब आहे. त्यात हार्डनर असतं. हार्डनरमधलं आयसोसायनेट आणि क्लिअरमधलं रेझिन एकमेकांत गुंतत जातात आणि त्यांचं जाळं तयार होतं. स्लॅबवर दुसऱ्या दिवशी माणूस चालतो, म्हणून कुणी तिसऱ्या दिवशी सेंटरिंग काढत नाही. क्लिअरचंही तसंच. वरून कडक लागतं, आत जाळं विणायचं काम चालूच असतं. हवेवर वाळणाऱ्या पेंटला ते काम पुरं करायला तीन-चार आठवडे लागतात. थंडीत त्याहून जास्त.

डब्यावर जे तास छापलेले असतात ते साधारण २० ते २५ अंश तापमान धरून. इथंच लोक फसतात. मराठवाडा म्हणजे ऊन, पेंट चटकन वाळणार, असं सगळ्यांना वाटतं. डिसेंबरात दुपारी पारा २८ असतो हे खरं, पण तुमचा शेवटचा हात संध्याकाळी साडेपाचला पडलाय. त्यानंतर तासाभरात सूर्य गेला आणि रात्रभर शेडमध्ये १२-१३ अंश. ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं की हे जाळं विणायचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे तुमच्या गाडीची पहिली रात्र जवळजवळ वाया गेली. हाच पेंट सकाळी दहाला मारला असता तर संध्याकाळपर्यंत जिथं पोचला असता, तिथं तो आता शनिवारी दुपारनंतर पोचेल. थंडीत मी दुपारी दोननंतर क्लिअरची गन हातात धरत नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

साधारण टप्पे सांगतो. अर्ध्या-पाऊण तासात धूळ बसून चिकटायची थांबते. चार-सहा तासांत बोट हलकं टेकवलं तर चिकटत नाही, थंडीत याला रात्र लागते. चोवीस तासांनी हँडल, आरसा, बीडिंग, नंबरप्लेट बसवता येते. छत्तीस-अठ्ठेचाळीस तासांनी रोजच्यासारखी गाडी चालवा. आठवड्यानं साध्या पाण्यानं धुवा. महिन्यानं पॉलिश, वॅक्स, कोटिंग, कव्हर, जे काय करायचं ते. हे दोन हात मारलेल्या क्लिअरचं गणित आहे. दोन हातांचा थर ५०-६० मायक्रॉनचा भरतो, म्हणजे साधारण डोक्याच्या केसाएवढा. पण काही पेंटर चमक यावी म्हणून तीन-चार ओले हात चढवतात. तसं असेल तर वरचे सगळे आकडे सैल धरा.

घड्याळापेक्षा नख खरं सांगतं. दरवाजा उघडा आणि बिजागरीच्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही पण क्लिअर पडलंय, तिथं अंगठ्याचं नख हलकं दाबा. खाच उमटून तशीच राहिली तर आत अजून ओलं आहे. खाच पडून मिनिटभरात भरून आली तर चालवायला हरकत नाही. खाच पडलीच नाही तर उत्तम. बॉनेटच्या मधोमध हा प्रयोग करू नका, करणारे बघितलेत मी. दुसरी खूण वासाची. गाडी रात्रभर बंद खोलीत होती आणि सकाळी दार उघडताच थिनरचा वास नाकात शिरला, तर पेंट अजून श्वास सोडतोय असं समजा.

दरवाजे पेंट झालेत म्हणून एक आठवण. चौकटीचा रबर ताज्या पेंटला चिकटतो. पहिल्या रात्री दरवाजा घट्ट लावला आणि सकाळी जोरात ओढला तर रबराच्या रेघेनं क्लिअर सोलून निघतं. म्हणून पहिली रात्र दरवाजा लोटून ठेवायचा, पूर्ण बंद करायचा नाही. आणि आतला दिवा बंद करायचा, नाहीतर सकाळी पेंट ठीक आणि बॅटरी उतरलेली.

आता पोत्याची गोष्ट. मी नवा होतो, गॅरेज टाकून दोन वर्षं झाली असतील. एका शेतकरी गिऱ्हाइकाची काळी जीप केली होती, पूर्ण बॉनेट. एप्रिलचे दिवस. सकाळी पेंट, संध्याकाळी नख लावलं तर कडक. म्हणलं, घेऊन जा. तो थेट मोंढ्यात गेला. तिथं कुणाशी तरी बोलता बोलता हमालानं सोयाबीनचं अर्धं पोतं त्याच्या बॉनेटवर टेकवलं. असतील दहा-पंधरा मिनिटं. पोतं उचललं तर बॉनेटवर बारदानाची वीण जशीच्या तशी, उभे-आडवे धागे मोजून घ्यावेत इतकी स्वच्छ. त्यानं पोतं ओढलं नव्हतं, म्हणून ओरखडा एकही नाही. नुसतं वजन आणि बॉनेटखालच्या इंजिनाची ऊब. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा, आणि चूक माझी. चालवायला दे म्हणून दिली, पण वर काही ठेवू नको हे मी बोललोच नव्हतो. पंधरा दिवस थांबलो, दोन हजार नंबरच्या पेपरनं पाण्यात घासून पॉलिश केलं, तर आठ आणे वीण गेली. बाकीच्या आठ आण्यांसाठी बॉनेट पुन्हा मारावं लागलं, माझ्या खर्चानं. तेव्हापासून गाडी देताना मी पाच मिनिटं बोलतो. लोक कंटाळतात. कंटाळू द्या.

बारदानानं जे केलं तेच हाराची दोरी करते, तेच रिबन करते. टेपचं तर विचारूच नका. लग्नात सजावटवाली पोरं घाईत असतात. फुलांचा गुच्छ बॉनेटवर ठेवतात आणि चारी बाजूंनी पारदर्शक टेप ओढतात. सोमवारी तुमचं क्लिअर तीन दिवसांचं असेल. रात्री वरात संपल्यावर कुणीतरी ती टेप खसकन काढणार आणि टेपसोबत क्लिअरचा पापुद्रा येणार, निदान टेपच्या डिंकाचा पट्टा कायमचा राहणार. त्यात ओला झेंडू दिवसभर उन्हात पेंटला चिकटून राहिला की पिवळा डाग सोडतो. जुन्या पेंटवरचा तो डाग पॉलिशनं निघतो, कोवळ्या पेंटमध्ये तो आत मुरतो.

मग नवरदेवाची गाडी बोडकीच न्यायची का? नाही. तुमची उजवी बाजू, टप आणि डिकी जुन्या पेंटवर आहेत, सजावट तिकडं करा. नवरा-नवरीच्या नावाचं स्टिकर मागच्या काचेवर लावा, काचेला काही होत नाही. पुढं शोभा हवीच असेल तर जाळीला, म्हणजे ग्रिलला, गुच्छ बांधा. ते पेंट न केलेलं प्लास्टिक आहे. पण गुच्छ इतका मोठा नको की वाऱ्यावर बॉनेटच्या कडेला घासत राहील. डाव्या दरवाजांच्या हँडलला रिबन बांधू नका. अंबडहून परभणीपर्यंत ती फडफडत जाईल आणि हँडलखाली धुरकट पट्टा पाडील. हे सगळं सजावटवाल्याला तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. निरोपावर सोडू नका.

पूजेचंही सांगून ठेवतो, कारण घरातल्या बाया बॉनेटवर स्वस्तिक काढल्याशिवाय गाडी निघू देणार नाहीत. कुंकू पाण्यात कालवून काढलेलं स्वस्तिक ताज्या क्लिअरवर लाल छाया ठेवून जातं. हळद त्याहून वाईट. स्वस्तिक काचेवर काढा, हळदी-कुंकू नंबरप्लेटला लावा. नारळ गाडीसमोर जमिनीवर फोडा, बंपरवर आपटू नका, करवंटीचा तुकडा उडून लागतो. चाकाखालच्या लिंबाला माझी हरकत नाही.

रस्त्यात खरी काळजी खड्यांची. सध्या उसाचा हंगाम आहे, तुमच्या भागात ट्रॉल्यांची रांग असते. ट्रॉलीच्या मागं चिकटून गाडी चालवू नका. तिच्या चाकाखालचा खडा जुन्या पेंटवर उडाला तर टिचका उडतो, कोवळ्या पेंटवर तोच खडा रुततो आणि सालपट काढतो. अंतर ठेवा, नाहीतर मोकळा रस्ता बघून पुढं निघून जा. रात्री परत आलात तर बॉनेटवर किडे-पाखरं चिकटलेली असतील. त्यांचा रस आम्लाचा असतो, सकाळपर्यंत ठेवू नका. ओलं मऊ फडकं दोन मिनिटं वर ठेवून द्यायचं आणि मग अलगद उचलायचं, घासायचं नाही. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय. गाडी चिंचेखाली किंवा आंब्याखाली लावली तर वर चिकटा पडतो, तोही पेंट खातो. झाडाची सावली महिनाभर विसरा. पत्र्याच्या शेडमध्ये, चारी बाजूंनी हवा खेळेल अशी लावा. आणि काळजी म्हणून कव्हर घालाल तर पोत्याचीच गोष्ट पुन्हा होईल. आतला वास कोंडतो, रात्रीचं दव कव्हरखाली साचतं आणि कापडाची वीण उमटते.

आमच्या एमआयडीसीत सळईचे कारखाने आहेत. तिथं कामाला जाणाऱ्यांना वेगळंच सांगावं लागतं. लोखंडाची बारीक धूळ ताज्या पेंटवर बसते, दव पडलं की गंजते, आणि पांढऱ्या गाडीवर आठवड्यात तांबडे ठिपके दिसायला लागतात. पेंटरनं वाईट काम केलं असं गिऱ्हाइकाला वाटतं. अशा वेळी पहिले पंधरा दिवस गाडी कारखान्याच्या गेटबाहेर, कारखान्याकडून वारा येणार नाही अशा बाजूला लावायची, एवढंच हातात असतं.

धुण्याबद्दल. आपल्या बोअरचं पाणी जड. थेंब वाळला की पांढरी गोल कडी राहते, आणि ताज्या क्लिअरमध्ये ती कोरल्यासारखी बसते. लग्नाच्या आधी गाडी धुवायचा मोह होणार हे मला माहीत आहे. बाकीची गाडी धुवा, नवे भाग सोडा. धूळ दिसलीच तर बाटलीतलं पिण्याचं पाणी नुसतं ओता आणि मऊ फडकं टिपकागदासारखं टेकवून पाणी टिपा. शाम्पू, कपड्याची पावडर, सर्व्हिसिंग सेंटरचं प्रेशर हे सगळं महिन्यानंतर. प्रेशरचा फवारा पेंटच्या कडेवर, जिथं टेप लावून नवा पेंट थांबवलाय तिथं बसला, तर ती कड उचलते.

आता कुणी म्हणेल, शोरूमची नवी गाडी तर त्याच दिवशी पावसात जाते. कारखान्यात नुसत्या उघड्या सांगाड्याला पेंट मारतात आणि १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. खालचा गंजरोधक थर त्याहून जास्त तापमानाला. ती वीट भाजूनच बाहेर येते. आपल्या गाडीत रबर, वायरिंग, प्लास्टिक, पेट्रोल सगळं बसलेलं असतं, तिला १४० अंश कोण देणार? म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास भाजतात. हे ६० अंश पत्र्याचे हवेत, हवेचे नाही. भट्टीचा काटा ६० दाखवतो तेव्हा पत्रा अजून ४०-४५ वर असतो, तो तापायला दहा-पंधरा मिनिटं जातात. पत्रा तापल्यापासून अर्धा तास मोजला तर थंड झाल्यावर गाडी त्याच दिवशी न्यायला हरकत नाही. तरी तिलाही टेप आणि वॅक्स लगेच नको.

बूथ नाही म्हणून काही जण बांधकामावरचे हॅलोजन लावतात, त्यापासून सांभाळा. दिव्यासमोरचा वीतभर पत्रा पोळतो आणि बाजूचा थंडच. जिथं पोळतो तिथं वरची साय आधी धरते, आतलं थिनर अडकतं आणि बुडबुडा होऊन बाहेर पडतं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. मे महिन्यात भर दुपारी उन्हात पेंट मारून लगेच उन्हातच सोडलेल्या गाडीलाही तशीच भोकं येतात. म्हणून उन्हाळ्यात हळू उडणारं थिनर आणि स्लो हार्डनर घ्यायचं, पहिले दोन तास सावली, मग ऊन. ऊन वाईट नाही, घाईचं ऊन वाईट. पावसाळ्यात हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच जाऊन गुंतायला लागतं, चमक मरते. आषाढात सलग झड लागली की मी क्लिअरचं काम सरळ पुढं ढकलतो.

आणि एक खोड मोडायला हवी. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालायचं. क्लिअर दोन भाग, हार्डनर एक भाग, असं डब्यावर लिहिलेलं असेल तर तेवढंच, मापाच्या कपानं. डाळीत मीठ घातल्यासारखं अंदाजानं नाही. जास्तीच्या हार्डनरला गुंतायला जोडीदार मिळत नाही, मग पेंट ठिसूळ होतो आणि वर्ष-दोन वर्षांत तडकतो. कमी पडलं तर कायमचं मऊ राहतं. तुमच्या पेंटरला विचारा, किती घातलं. तो आकडा सांगू शकला तर माणूस कामाचा. आणि तो तोंडाला नुसता रुमाल बांधून गन मारत असेल तर माझ्या नावानं दोन शब्द सुनवा. आयसोसायनेटला रुमाल अडवत नाही, दमा होतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क महाग वाटतो, पण आमच्या धंद्यातले दोघं-तिघं आता पंप ओढत फिरतात.

पेंटखाली पुट्टी किती भरली, तेही विचारून घ्या. जुने मिस्त्री तिला लांबी म्हणायचे. दरवाजाला पोचा मोठा असेल आणि पुट्टी आणि तिच्यावरचा सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर, घाईत वाळवून वर पेंट मारला असेल, तर तीन-चार आठवड्यांनी खालचं आक्रसतं आणि घासलेल्या पेपरच्या रेघा वर दिसायला लागतात. आज आरशासारखा दिसणारा दरवाजा जानेवारीत तिरप्या उन्हात बघा. रेघा दिसल्या किंवा पृष्ठभाग मोसंबीच्या सालीसारखा खडबडीत वाटला तरी घाबरू नका. तोपर्यंत क्लिअर पुरतं कडक झालेलं असेल. पेंटरकडून दोन हजारचा पेपर आणि पॉलिश मारून घ्या, बहुतेक निघून जाईल. लग्नाआधी मात्र पॉलिश करू देऊ नका, तो कितीही म्हणाला तरी. कोवळ्या क्लिअरवर मशीन फिरवलं की त्या दिवशी काचेसारखं चमकतं आणि पंधरा दिवसांत धुरकट होतं, कारण आतलं उरलेलं थिनर तेव्हाच बाहेर पडत असतं.

रविवारी सकाळी नख लावून बघा आणि खाच कशी दिसते ते कळवा. खाच तशीच राहत असेल तर सोमवारी नवरदेवाला दुसऱ्या गाडीत बसवा, आणि ही गाडी वऱ्हाडाच्या मागून मोकळी न्या.